तंबाखूचा वास येणारी पुस्तकं

आमच्या वाचनालयाला वर्धापनदिनाची हौस फार. मध्यंतरी एका वर्षी अध्यक्षांनी तो वर्षभर साजरा करायचं ठरवलं. दर महिन्याला एक सांस्कृतिक कार्यक्रम: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रास्ताविकात राहून गेलेलं सांगणारं दुसरं प्रास्ताविक, आणि मग ज्याला ऐकायला लोक आले त्याच्यासाठी उरलेली वीस मिनिटं. सत्काराला शालीऐवजी सोलापुरी चादर. बेचाळीस अंशांच्या उकाड्यात पाहुण्याच्या खांद्यावर चादर टाकली की तो आभार मानतोय की सुटका मागतोय, हे समोरून नीट कळत नसे. मी या कार्यक्रमांना नावं ठेवत असे आणि एकही चुकवत नसे.

त्या वर्षी माझ्या हातून जे झालं त्याचा दोष अध्यक्षांवर, वर्धापनदिनावर किंवा उकाड्यावर टाकता येईल का, हे मी बरेच दिवस तपासून पाहिलं. टाकता येत नाही.

वर्षाची सुरुवात जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनानं होणार होती. पुस्तकं निर्मळ असली पाहिजेत, असं अध्यक्ष म्हणाले. वाचकांना पुस्तकात लिहायची सवय असते. पहिल्याच पानावर ‘खून मामाने केला’ असं लिहून पुढच्याचे श्रम वाचवणारे परोपकारी सभासद प्रत्येक वाचनालयात सापडतात. कोणी नायिकेला मिश्या काढतं, कोणी ‘भिकार’ एवढाच अभिप्राय देऊन मोकळं होतं. हे पेन्सिलीचं लिखाण पुसायला आम्हा पाच निवृत्तांची नेमणूक झाली. मंगळवार ते गुरुवार, दुपारी तीन ते पाच, मागच्या खोलीत, प्रत्येकाला एक खोडरबर. पंखा लावला की पानं उडत, बंद केला की आम्ही भिजत असू.

सगळ्यांत चांगलं मी पुसत असे. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, कागदाची लव उठू न देता. इतरांनी पुसलेल्या पानावर पूर्वी काहीतरी होतं एवढं कळायचं. माझ्या पानावर तेवढंही कळायचं नाही. शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवताना मी मुलांच्या चुका फक्त दाखवल्या, पुसायचं काम त्यांचं होतं. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे आलं आणि मला ते आवडलं.

चौथ्या दिवसापासून एक अक्षर मला वारंवार भेटू लागलं. बारीक, डावीकडे कललेलं, नेहमी पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात. पुस्तकं सगळी जाडजूड कौटुंबिक कादंबऱ्या, ज्यांत नायिका तिसऱ्या पानावर रडायला लागते आणि शेवटच्या पानावर थांबते. शेरे मात्र कोरडे. ‘एवढं रडायला वेळ कुठून मिळतो?’ ‘सासूचं बरोबर आहे.’ नायिका चुलीवर भात ठेवून सहा पानं आठवणींत रमते तिथे, ‘लेखकाने कधी भात शिजवलेला दिसत नाही. करपला असता.’ आणि एका ठिकाणी, ‘पुढचं पान वाचू नये,’ त्याच्या पुढच्या पानावर, ‘वाचलं.’

या पुस्तकांना तंबाखूचा वास होता. पानांच्या कडांवर पिवळसर बोटं उमटलेली होती.

ज्या शेऱ्यांनी मला हसू आलं ते मी वहीत उतरवून घेतले आणि मग पुसले. बाकीचे नुसतेच पुसले. त्यांत काही ओळी कादंबरीशी संबंध नसलेल्या होत्या, कुणाच्या तरी घरातल्या. त्या वाचल्याचं मला आठवतं. उत्तरपत्रिकेतला विषय सोडून लिहिलेला मजकूर वाचावा, तशा मी त्या वाचल्या.

त्याच सुमारास ग्रंथपालांनी एक कार्यक्रम सुचवला. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, अजूनही माझ्यासमोर खुर्चीत टेकून बसत नसत. कल्पना साधी होती. सभासदांनी वाचनालयातल्या जुन्या कागदांवरून आपापल्या घरात पूर्वी कोण राहत होतं ते शोधायचं आणि येऊन सांगायचं. कल्पना चांगली असल्यामुळे अध्यक्षांनी ती स्वतःच्या शब्दांत इतकी समजावली की ती ओळखू येईना. पहिलं भाषण माझ्यावर आलं, कारण मी तिथेच होते.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, एकेकाळी दिवसभर मागांची खटखट चाले अशा पेठेत. खाली दोन खोल्या, वरची आम्ही बांधलेली. आम्ही ते एका कापड व्यापाऱ्याकडून घेतलं. खरेदीखतात मागचे मालक सापडले, पण मालक त्या घरात राहिलेच नव्हते. राहिलेल्या माणसांची नावं खरेदीखतात येत नाहीत. जुन्या मतदार याद्यांतली नेमकी आमच्या पेठेची पानं फाटलेली. स्थानिक वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींमध्ये पेठेतली भांडणं होती, घर नव्हतं. शेवटी ग्रंथपालांनी कपाटावरून सभासदांच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. नाव, व्यवसाय, पत्ता, सही. तिसऱ्या वहीत आमच्या घराचा जुना क्रमांक सापडला. सभासद एक पुरुष, व्यवसाय ‘गिरणीत’, सही तेलुगूत.

त्यांचा सभासद क्रमांक मला ओळखीचा वाटला. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि क्रमांक लिहायची पद्धत होती. तंबाखूच्या वासाच्या प्रत्येक पुस्तकात हाच क्रमांक होता. म्हणजे मी महिनाभर ज्याचं अक्षर पुसत होते, तो वाचक माझ्याच घरात राहत होता.

तेव्हा माझ्या गठ्ठ्यातली दोन पुस्तकं पुसायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी ती उघडली, भाषणाला चालतील असे तीन शेरे उतरवून घेतले, आणि पुसली. अध्यक्षांना निर्मळ पुस्तकं हवी होती, मला मजकूर हवा होता. दोघांचंही काम झालं.

भाषण रंगलं. गिरणीतून दमून आलेला, विडी पेटवून नायिकेची दुःखं वाचत बसलेला एक भावुक तेलुगू विणकर मी लोकांसमोर उभा केला. विडी मला वासावरून सापडली होती. भाताच्या शेऱ्यावर मी म्हटलं, “हे गृहस्थ स्वयंपाकही करत असणार. त्या काळात!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. “सही तेलुगूत आणि वाचन मराठीत, याला म्हणतात सोलापूर,” यावर सगळ्यांनीच वाजवल्या. एरवी असं वाक्य दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी शेजारणीला कोपरानं ढोसलं असतं. अध्यक्षांनी आभाराच्या भाषणात तेच वाक्य तीनदा वापरलं आणि माझ्या खांद्यावर चादर टाकली.

चहाच्या वेळी एक वयस्कर बाई जवळ आल्या. पांढरे केस, धुऊन विरलेली सुती साडी, हातात कापडी पिशवी.

“त्या घरात तुमीच राहता व्हय, बाई?”

“हो.”

“मोरीकडची भिंत अजून ओल धरते काय?”

ती दर वर्षी धरते. मी कप खाली ठेवला.

“आमी तितं भाड्यानं होतो. भाषण लई भारी झालं तुमचं. मी पण हसले की. पण आमचे नान्ना विडी ओढत नव्हते.” मग मला कळावं म्हणून, “नान्ना म्हणजे वडील. आणि त्यांना मराठी वाचाय येतच नव्हतं. तेलुगू पण सहीपुरतं.”

“मग पुस्तकं कोण वाचायचं?”

“अक्का.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. लग्न करून दिलं, ती वर्षाच्या आत परत आली आणि का ते तिनं सांगितलं नाही. नान्नांनी लग्नातला फोटो फाडून टाकला. त्यानंतर ती घरात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, समोर डब्याला टेकवलेलं पुस्तक. पान उलटायचं ते तंबाखूच्याच बोटांनी. कानामागे पेन्सिल. नान्ना तिच्याशी फारसं बोलत नसत, पण गिरणीच्या सुट्टीला न चुकता पुस्तक बदलून आणत.

“तितं जाऊन काय मागायचं, त्यांना काय माहीत? ‘जाड द्या’ म्हणायचे. आठवडाभर पुरलं पायजे की!”

त्या हसल्या. मी नाही हसले. भात शिजवणारी, सासूची बाजू घेणारी, रडायला वेळ कुठून मिळतो असं विचारणारी ही बाई आहे, हे कुठल्याही आठवीतल्या मुलीनं ओळखलं असतं. विड्या ओढणाऱ्यांपेक्षा वळणाऱ्या जास्त असलेल्या शहरात मी जन्म काढला, आणि तंबाखूच्या वासावरून मला पुरुष दिसला.

“ते अक्षर दाखवा की मला,” त्या म्हणाल्या. “तिचं काय पण राहिलं नाय. फोटो नाय, चिठ्ठी नाय. मला भिवंडीला दिलेली. ती छातीच्या दुखण्यानं गेली तवा मी पोचले नाय. आता तोंड पण नीट आठवंना तिचं.” मग जरा जवळ येऊन, आवाज उतरवून, “आणि एक विचारू? माझ्याबद्दल काय लिवलंवतं का? मी लई पिडायची तिला वाचताना. रागावली की ती बोलायची नाय, लिवायची. घरात कागद कुठला? पुस्तकातच लिवायची. शिव्या असल्या तरी चालतील.”

माझ्या खांद्यावर चादर होती. शेजारी अध्यक्ष कुणाला तरी माझी ओळख करून देत होते.

“ती पुस्तकं आता नाहीत,” मी म्हटलं. “रद्दीत गेली.”

चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज मी ते बोलले. त्यांनी फक्त विचारलं, “कुठल्या रद्दीवाल्याकडं?” मला माहीत नाही म्हटलं. तेवढं खरं होतं.

आठ-दहा दिवसांनी ग्रंथपाल मला म्हणाल्या, “बाई, आपण रद्दी कधी काढली? एक आजी विचारत आल्या होत्या.”

“मग काय सांगितलंस?”

“काढली नाही असंच सांगणार होते. पण त्या म्हणाल्या, बाईंनी सांगितलंय. तुम्ही सांगितलंय म्हणजे असेल, म्हणून मी आपले पाच-सहा दुकानांचे पत्ते दिले. रोज एकेक करतायत. परवा एक दुकानदार फोन करून विचारत होता, तुमच्याकडून आलेली म्हातारी प्रत्येक पुस्तक नाकाला लावून बघतेय, डोक्यानं बरी आहे ना?”

नोंदवहीवरून नव्हे, त्या दुकानदाराकडून मी त्यांचा पत्ता मिळवला. एखादं पुस्तक सापडलं तर कळवा म्हणून त्यांनी तो त्याच्याकडे ठेवला होता.

कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांची घरं आहेत, तिथे त्या, भिवंडीहून परतल्यापासून, मुलाकडे राहतात. मी गेले तेव्हा दारात बसून तळपायाला तेल लावत होत्या. मला पाहून आत सुनेला तेलुगूत हाक मारून चहा टाकायला सांगितला. शब्द कळले नाहीत, सूर कळला. शहराची अर्धी वस्ती जी भाषा बोलते तिच्यातले माझे शब्द दहाच्या वर नाहीत, हे भाषणात सांगायचं राहिलं होतं.

“दोन दुकानं राहिलीत अजून,” त्या म्हणाल्या.

“जाऊ नका. पुस्तकं रद्दीत गेलेली नाहीत. वाचनालयातच आहेत.”

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि चप्पल शोधायला लागल्या. “चला की मग!”

“अक्षर नाही त्यांत. मी पुसलं.”

“पुसलं म्हणजे?”

“खोडरबरानं.”

त्या पुन्हा खाली बसल्या. “कशापायी वो?”

मी वर्धापनदिन सांगितला, अध्यक्ष सांगितले, प्रदर्शन सांगितलं. त्या उंबऱ्यात हे शब्द फार अवघडून बाहेर पडले.

“मग लई लोक आले असतील बघायला.”

“ती पुस्तकं प्रदर्शनात ठेवलीच नाहीत. अध्यक्षांना चामड्याच्या बांधणीची हवी होती.”

सून चहा घेऊन आली होती. ती काहीतरी जोरात बोलली. त्यांनी हातानंच तिला गप्प केलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“पुसताना वाचलं तर असेल की तुमी?”

“वाचलं.”

“मग सांगा.”

मी वही नेली होती. वाचून दाखवली. भाताच्या शेऱ्यावर त्यांनी तोंडावर हात धरला. “अक्काच! अशीच बोलायची, तोंड न हालवता.” ‘वाचलं’ यावर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दहा शेरे वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

“बस?”

“बस.”

“पुस्तकं किती होती?”

“चौदा.”

“चौदा पुस्तकांत दहाच ओळी?”

“आणखी होत्या. मला उपयोगाच्या वाटल्या तेवढ्या लिहून घेतल्या.”

त्यांनी मान हलवली, बाजारात एखादी वस्तू नाही म्हटल्यावर हलवावी तशी. “घरातलं काय होतं का?”

नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, “होतं. काय ते मला आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या. चौदा पुस्तकं टेबलावर मांडली. ग्रंथपाल समोर बसल्या होत्या, पाठ टेकून, आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या. आजींनी प्रत्येक पान उलटलं, खिडकीकडे तिरकं धरून पाहिलं, उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मी घरून भिंग नेलं होतं. कुठेही काही नव्हतं, पेन्सिलीचा दाबसुद्धा नव्हता. माझं काम चोख होतं. मग त्यांनी एक पुस्तक नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. वास होता. तो घालवायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

स्मरणिकेत माझं भाषण छापायचं होतं. ते बदलून द्यावं म्हणून मी अध्यक्षांकडे गेले. वाचणारा तो नव्हे, ती होती, आणि ती विडी ओढत नव्हती, वळत होती, एवढं तरी दुरुस्त करू म्हटलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा शेवट व्यासपीठावर दिसतो. “बाई, तो विडीवाला वाचक लोकांना फार आवडलाय हो,” ते म्हणाले. “असं करू, त्या आजींचाच पुढच्या महिन्यात सत्कार करू.” मी निरोप दिला. आजी म्हणाल्या, “चादर नको बाई. अर्धा जन्म त्याच विणल्या.” शेवटी भाषण छापूच नका असं मी लिहून दिलं. माझ्या जागी अध्यक्षांची आणखी एक कविता गेली. त्या वर्षीच्या स्मरणिकेचं एवढं नुकसान माझ्यामुळे झालं हे मी मान्य करते.

आता त्या दर मंगळवारी दुपारी येतात. त्यांना सभासद करून घ्यायचं ठरलं तेव्हा ग्रंथपालांनी अर्ज स्वतः भरला. सही त्यांनी मराठीत केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं. ती त्यांना अक्कानं शिकवली होती, विड्यांच्या पानांवर काडीनं. पुस्तक मात्र त्या नेत नाहीत. बायकांच्या बाकावर बसतात.

मी पुसायचं काम सोडलं आहे, पण मंगळवार सोडता येत नाही. घरी स्वयंपाक करताना, मोरीकडच्या त्या ओल्या भिंतीकडे पाहताना मी मनात ती पानं उलटते. नायिकेचं रडणं आठवतं, छपाईच्या चुकासुद्धा आठवतात, कोपरा कोरा येतो. मध्ये एकदा वाटलं की ‘धाकटी’ असा एक शब्द होता. पण तो मी पानावर पाहिला की त्यांनी विचारल्यावर मीच तिथे नेऊन ठेवला, हे आता सांगता येत नाही, म्हणून तो त्यांना सांगितलेला नाही.

रचायचं म्हटलं तर मला सहज रचता येईल. त्या शेऱ्यांची लांबी, कोरडेपणा, टोमणा कुठल्या शब्दावर येतो, सगळं माझ्या हातात बसलं आहे. ‘धाकटीने आज दोनदा पुस्तक मिटलं. ती झोपली तर घर सुनं वाटतं.’ असं काहीतरी. ऐकून त्यांचा चेहरा कसा होईल तेही मला दिसतं. त्यानंतर त्या यायच्या थांबतील, हेही दिसतं, आणि हे वाक्य मला त्यांच्यासाठी सुचतं की माझ्यासाठी, हे तिथेच कळतं. दोनदा ते ओठांपर्यंत आलं होतं. अक्काच्या तोंडी मी एकदा विडी दिलेली आहे. आता शब्दही मीच द्यायचे, हे होत नाही.

काल त्या आल्या तेव्हा ऊन रणरणत होतं. पदरानं मान पुसली, माठातलं पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय वो बाई, आलं का काय ध्यानात?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पिशवी बाकावर ठेवून बसल्या. “पाचपर्यंत हाय मी.”